नाही म्हणणाऱ्यानं बसायचं

बाबा,

तुमच्या पांजरापोळीत आता मी जाते. दर गुरुवारी, सकाळचं क्लिनिक आटोपून. तुम्ही स्कूटरवरून जायचात तो रस्ता आता तुम्हाला ओळखू येणार नाही. बडोद्याबाहेर मकरपुऱ्याच्या पुढं जिथं शेतं होती तिथं गोदामं झाली आहेत आणि कंपन्यांच्या बसगाड्या समोरून येतात तेव्हा आपणच रस्त्याखाली उतरायचं असतं. फाटक मात्र तेच आहे, आणि आत शिरल्यावरचा वासही तोच: ओला कडबा, शेण आणि फिनेल. लंगडी, म्हातारी, कुणालाच नको झालेली जनावरं इथं आणून सोडतात आणि ती आपल्या मरणानं मरेपर्यंत त्यांना सांभाळलं जातं, हा नियमही तोच आहे. इथं कुणाला मारत नाहीत. कितीही दुखत असलं तरी. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्हाला पाहिलेलं एकही जनावर आता तिथं नाही. माणसांपैकी पांजरापोळ चालवणाऱ्या शेठांच्या सूनबाई तेवढ्या होत्या. शेठ गेल्यावर कारभार त्यांनी सांभाळला. सगळे त्यांना बेन म्हणायचे, मीही म्हणायची. मागच्या महिन्यात तिथं एक घोडी आली, आणि त्यावरून बेनमध्ये आणि माझ्यात जे झालं ते तुम्हाला सांगावं असं वाटत राहिलं. दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. आईला जनावरांच्या गोष्टी जेवताना नको असतात, आणि हल्ली तिची कुठलीही वेळ जेवणाचीच असते.

घोडीकडे येण्याआधी रविवारचं लिहिते, कारण माझा गोंधळ तिथूनच सुरू झाला. आपण मटण खाणारी माणसं. हरणीच्या सोसायटीत घर घेताना बिल्डरच्या माणसानं विचारलं होतं, "नॉनवेज नथी खाता ने?" आणि तुम्ही गंभीर चेहऱ्यानं म्हणालात, "रविवारे ज," म्हणजे फक्त रविवारी. त्याला तो विनोद वाटला. तो हसला आणि किल्ली दिली. मग कित्येक रविवार आईनं खिडक्या लावून, उदबत्ती पेटवून कांदा-खोबऱ्याचं वाटण परतलं, आणि सगळ्या जिन्याला ते कळत राहिलं. खालच्या मजल्यावरच्या मासी दुपारी भेटल्या की म्हणायच्या, "आजे मसालो बहु सरस शेकायो लागे छे." इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही त्यापुढचा प्रश्न विचारला नाही. याला सभ्यपणा म्हणायचा की डोळेझाक, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. बहुधा शेजार म्हणजे दोन्ही.

मटण तुम्ही स्वतः आणायचात, आणि कळत्या वयाची झाल्यावर मलाही न्यायचात. पुढं जाऊन उभं राहायचं, मान फिरवायची नाही. "जे खायचं ते बघून खायचं. बघवत नसेल तर घरी वांगी आहेत." मी बघितलं. मला वाईट वाटलं आणि भूकही लागली, दोन्ही खरं होतं. दुसऱ्या दिवशी सोमवारी तुम्ही दवाखाना आटोपून पांजरापोळीत जायचात आणि एका लंगड्या शेळीच्या खुराशी तासभर बसायचात. मी एकदा विचारलं, रविवारच्या बोकडात आणि सोमवारच्या शेळीत फरक काय? तुम्ही चष्मा पुसत होतात. म्हणालात, "रविवारचा मरतो. सोमवारची दुखतेय. मी दुखण्याचा डॉक्टर आहे." तेव्हा मला ते उत्तर फार चलाख वाटलं होतं, म्हणजे आवडलं नव्हतं. आता क्लिनिकमध्ये कुणी हाच प्रश्न टाकला तर मी तेच उत्तर देते आणि तुमचं आहे हे सांगत नाही.

बैलाचा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. मी आणंदला व्हेटर्नरीच्या दुसऱ्या वर्षाला होते, सुट्टीत घरी आले होते, आणि शिकलेलं सगळं उतू जात होतं. ट्रकनं उडवलेला बैल होता. कमरेपाशी मोडला होता, मागचं धड गेलं होतं. उठणार नव्हता हे मलाही कळत होतं. एका अंगावर पडून पडून जखमा झालेल्या, त्यात अळ्या. तुम्ही शेठांना बाजूला घेऊन सांगितलंत की यातून हा सुटणार नाही, इंजेक्शन देऊन मोकळा करू. शेठांनी हात जोडले. म्हणाले, "डॉक्टर, अमाराथी ए ना थाय," आमच्याच्यानं ते होणार नाही. आणि मी मध्ये तोंड घातलं. पुण्य तुमच्या खात्यात आणि कळा बैलाच्या अंगावर, असलं काहीतरी मी त्या सत्तरीच्या माणसाला तोंडावर ऐकवलं. तुम्ही मला नळापाशी नेलंत, हात धुवायच्या निमित्तानं. आवाज न चढवता म्हणालात, "आपल्या घरी रविवारी काय शिजतं हे त्यांना माहीत आहे. त्यांनी तुला कधी विचारलंय? मग त्यांच्या दारात येऊन त्यांना शहाणपण शिकवू नकोस." मी म्हटलं, कायद्यानं तुम्हाला अधिकार आहे, द्या ना इंजेक्शन. तर म्हणालात, "आज देईन. उद्या फाटक बंद होईल. मग आतल्या बाकीच्यांना बघायला कोण येणार, तू?" मला ते भेकड वाटलं. एका जिवाचे हाल बाकीच्यांच्या हिशेबात धरणं मला पटत नव्हतं, आणि आजही नेहमीच पटतं असं नाही.

पण तुम्ही हात धुऊन परत गेलात आणि शेठांना जे सांगितलंत ते मला अनपेक्षित होतं. "शेठ, ना तमे पाडी छे. तो बेसवुं पण तमारे ज पडशे." नाही म्हणणाऱ्यानं बसायचं. जो मरू देत नाही त्यानं त्याच्याजवळ राहायचं, नोकराला सांगून घरी जायचं नाही. मला वाटलं, शेठ आता काहीतरी काम काढतील. त्यांनी धोतर सावरलं आणि बैलाच्या तोंडाशी खाली बसले. दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी आले. वर्तमानपत्राच्या घडीनं माश्या वारत राहायचे, माश्यांना लागणार नाही अशा बेतानं. दवाखाना बंद करून तुम्हीही जायचात आणि त्यांच्या शेजारी पोत्यावर बसायचात. तुम्हा दोघांचं जे बोलणं चालायचं ते मी अळ्या काढता काढता ऐकलं आहे. तुम्ही म्हणायचात, माणसाला उद्या असतो, आज दुखलं तर उद्या थांबेल अशी आशा असते. जनावराला उद्या नाही, त्याचं दुखणं हेच त्याचं सगळं जग. शेठ म्हणायचे, ज्याला जगायचं नाही तो तोंड फिरवतो, बघा. आणि पाण्याचं घमेलं पुढं सरकवायचे. बैल प्यायचा. शेवटपर्यंत प्यायचा. तुम्ही म्हणायचात, ती तहान आहे, इच्छा नाही. शेठ म्हणायचे, दोन्ही वेगळं काढून दाखवा. एकदा ते असंही म्हणाले की तुम्ही याच्यासाठी मारत नाही, तुमच्याच्यानं बघवत नाही म्हणून मारता. त्यावर तुम्ही माझ्याकडे कापूस मागितलात.

त्यातच खिचडीचं झालं. शेठांचा उपास आहे हे तुम्ही घरी बोलून गेलात, आणि आईनं आपल्या परीनं जे करायचं ते केलं: साबुदाण्याची खिचडी, भरपूर बटाटा आणि दाण्याचं कूट घालून, वर लिंबाची फोड, स्टीलच्या डब्यात. उपासाच्या माणसाला उपासाचं द्यायचं, यात चुकण्यासारखं काय आहे? त्यांच्या जैन उपासाला उकळलेल्या पाण्यापलीकडे काही चालत नाही, आणि उपास नसला तरी बटाटा ते जन्मात खात नाहीत कारण त्याला उपटताना मातीतले जीव मरतात, हे बडोद्यात तीन पिढ्या काढून आपल्या घरात कुणाला नीट ठाऊक नव्हतं. शेठांनी डबा दोन्ही हातांनी घेतला, झाकण उघडलं, वास घेतला आणि परत लावलं. आईसाठी निरोप दिला, "बेनने कहेजो, सुगंध बहु सरस छे." डबा तुम्ही आणि मी तिथंच बसून संपवला, त्यांच्यासमोर, त्या बैलाच्या बाजूला, आणि ते आपल्याकडे कौतुकानं बघत होते. आईला आपण सांगितलं की त्यांना फार आवडली. तिनं पुढं शेठ असेपर्यंत दर आषाढीला डबा पाठवला.

बैल आपल्या मरणानं मेला. शेठ त्याच्या कानाशी नवकार मंत्र म्हणत होते आणि तुम्ही नाडी धरून होतात. परत येताना तुम्ही टपरीवर स्कूटर थांबवलीत, चहा घेतलात, आणखी एक घेतलात, आणि म्हणालात, "त्यांचं चुकलं. पण ते बसले." मी मनात म्हटलं, बसून बैलाला काय मिळालं?

आता घोडी. लग्नाच्या वरघोड्यातली, पांढरी. मिरवणुकीतल्या डीजेच्या ट्रकला बिचकली, दुभाजकाच्या कडेवर पाय अडकला आणि पडली. टेम्पोतून आणली तेव्हा अंगावर जरीची झूल तशीच होती आणि शेपटीला मेंदी. पुढचा डावा पाय गुडघ्याखाली चुरा झाला होता. घोड्याचं असं झालं की बहुतेक वेळा काही करता येत नाही, हे तुम्हाला काय सांगायचं. तिचा मालक पोरगेलासा होता. तो तिच्या मानेला मिठी मारून रडला, आणि मग लगाम आणि झूल काढून घेऊन गेला. मी त्याला दोष देत नाही. दुसऱ्या घोडीला लागणार होती.

मी बेनना सांगितलं की हिला सोडवायला हवं, आजच. बेन खाली बघून चालणाऱ्या बाई, पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून. त्यांनी हात जोडले, अगदी शेठांसारखे, आणि तेच वाक्य म्हणाल्या. आणि बाबा, मी तुमचं वाक्य काढलं. ना तुम्ही म्हणालात, तर बसायलाही तुम्हालाच लागेल. तुमच्या तोंडी ते जरा मायेचं होतं, माझ्या तोंडी ते हत्यार होतं, हे मला म्हणता म्हणताच कळलं. बेन रागावल्या नाहीत. "पप्पाजी बेठा हता, मने याद छे," सासऱ्यांच्या आठवणीनं म्हणाल्या आणि पदर खोचून घोडीशी गेल्या.

बैल निदान पडून होता. घोडी पडून राहत नाही. ती उठायला बघते. पुढचे पाय टेकते, अर्धी वर येते, तो पाय वळतो आणि ती पुन्हा आदळते, आणि थोड्या वेळानं, काहीच झालं नसल्यासारखी, परत उठायला बघते. मी वेदनाशामक देत होते, पायाला बांधलं होतं, खाली गाद्या घातल्या होत्या. त्यानं आदळण्याचा आवाज तेवढा कमी झाला. सकाळ-संध्याकाळ मी जायची, इंजेक्शन द्यायची, आणि पुढच्या कामाला निघायची. क्लिनिकमध्ये लोकांची लॅब्रॅडॉर कुत्री लसीसाठी रांगेत असतात, आणि त्यांच्या मालकांना थांबवलेलं आवडत नाही. बेन बसलेल्याच असायच्या. पहिल्या दिवशी प्लास्टिकच्या खुर्चीत, मग पोत्यावर, मग घोडीचं डोकं मांडीवर घेऊन. प्रत्येक वेळी ती उठायला लागली की बेन तिच्या कानात "बेसी जा बेटा, बेसी जा" म्हणायच्या. घोडीला ते कळत नव्हतं.

आणि मग एका सकाळी बेनचा फोन आला. "डॉक्टर, आवो. करी नाखो." या, करून टाका. मी पोचले तर बेनचा चेहरा आजारी माणसासारखा झाला होता. त्या म्हणाल्या, "माराथी जोवातुं नथी." बाकीच्या ट्रस्टींचं मी बघून घेईन, तुमच्यावर ठपका येणार नाही, असंही म्हणाल्या. बाबा, तीस वर्षं मी ज्या होकाराची वाट बघत होते तो हा होता, आणि तो नेमका त्या कारणानं आला जे शेठांनी तुम्हाला ऐकवलं होतं. घोडीसाठी नाही, बघवत नाही म्हणून. मी तिथं सिरिंज भरत उभी, आणि डोक्यात हे चाललेलं. घोडीला कारणाशी काय करायचंय? तिचं दुखणं खरं होतं, आणि ते थांबवायला कुठलंही कारण पुरेसं होतं, हे मला तेव्हाही पटत होतं आणि आताही पटतं. कुणीतरी बादली पुढं सरकवली. ती पाणी प्यायली, चांगलं घटाघटा.

मी बेनना विचारलं, "नक्की?" त्यांना वाटलं मी त्यांच्या काळजीनं विचारतेय. त्यांनी मान हलवली. मी पुन्हा विचारलं. मला त्यांनी नाही म्हणायला हवं होतं. शेठांनी तुम्हाला जसं वर्षानुवर्षं नाही म्हटलं तसं कुणीतरी ठामपणे मला म्हणायला हवं होतं, म्हणजे मी बरोबर असले असते आणि हातही रिकामे राहिले असते. तुम्हाला कधी असं वाटलं का? तुमच्या बॅगेत ते औषध कायम असायचं, आणि त्या फाटकाच्या आत तुम्ही ते एकदाही वापरलं नाहीत. हे मी उलटतपासणी म्हणून विचारत नाही. मला खरंच जाणून घ्यायचंय, आणि विचारायला फार उशीर झाला याचं मला आज पहिल्यांदा नीट वाईट वाटतंय.

बेन म्हणाल्या, "हा. करो." आणि तिच्या कानाशी नवकार म्हणायला लागल्या. मी आधी गुंगीचं दिलं, मग मानेच्या शिरेतून दुसरं. फार वेळ लागला नाही. एकदा मोठा श्वास आला, मग नाही. बेननी विचारलं, "बराबर कर्युं ने?" मी हो म्हटलं. पुढं त्यांनी तीन दिवस उपास केला, प्रायश्चित्त म्हणून, आणि ट्रस्टमधून स्वतःहून बाहेर पडल्या. बाकीच्यांना त्यांनी एवढंच सांगितलं की डॉक्टरांनी माझ्या सांगण्यावरून केलं. म्हणून माझं फाटक उघडं राहिलं. मी त्यांच्या घरी जाऊन आले. त्यांनी मला चहा दिला. मी निघताना म्हणाल्या, मला अजून कळत नाही की मी घोडीला सोडवलं की स्वतःला. मी म्हटलं, तिला. मला माहीत नव्हतं, पण त्या जिथं बसल्या होत्या तिथं मी बसले नव्हते, तेव्हा एवढं म्हणणं माझ्याकडे लागत होतं.

त्यांच्या जागी आता एक धडाडीचे गृहस्थ आले आहेत, नंदेसरीला त्यांचा कारखाना आहे. शेडवर नवे पत्रे घातले, औषधांचं कपाट भरलं, माणूस वाईट नाही. गेल्या गुरुवारी एक म्हैस दाखवली, म्हातारी, जबड्यात गाठ, चारा खाता येत नाही. तुम्ही पाहताक्षणी सांगितलं असतं. मीही सांगितलं, हिला सोडवू. ते मोबाइलवरून नजर न काढता म्हणाले, "ना डॉक्टर, आपणे त्यां एवुं नहीं," आणि गाडीकडे चालू लागले.

हे कागद कुठं पाठवायचे नाहीत, म्हणून शेवटचंही लिहिते. ते ना म्हणाले तेव्हा मला हलकं वाटलं. मी म्हशीला इंजेक्शन दिलं, दुखणं कमी करायचं, आणि बॅग आवरली. त्यांची गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत मी बघत उभी होते, हाक मारली असती तर थांबले असते. मी त्यांना बसा म्हणाले नाही.